लिंबाचा रुसवा

कागदी लिंबाच्या झाडाशी पहिली ओळख होते ती मनगटाची. फळ दिसतं, हात आत जातो आणि कातडीवर एक बारीक लाल रेघ उठते. पानाच्या बगलेत, देठाला चिकटून, टाचणीसारखा अणकुचीदार काटा असतो. कोवळेपणी तो पानाच्याच रंगाचा असतो, म्हणून टोचेपर्यंत दिसत नाही. दुसऱ्या कुठल्या झाडाने हा उद्योग केला असता तर केव्हाच त्याला कुंपणाबाहेर काढलं असतं. लिंबाला मात्र सगळं माफ. पोह्यांवर पिळायला, वरणभाताशेजारी ठेवायला, दसऱ्याला गाडीच्या चाकाखाली चिरडायला आणि शनिवारी दारात मिरच्यांसोबत टांगायला तेच लागतं. ज्याच्यावाचून अडतं त्याचा स्वभाव कुणी काढत नाही.

आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीजवळ असं एक झाड आहे. ते कुणी लावलं यावर दोन मतं आहेत. सोसायटीच्या जुन्या कागदपत्रांत ‘वृक्षारोपण’ म्हणून त्याची नोंद आहे. तळमजल्यावरच्या काकू मात्र ठामपणे सांगतात, की त्यांच्या सासूबाई सरबत केल्यावर बिया खिडकीतून बाहेर टाकायच्या, त्यातलंच हे एक. काकूंचं म्हणणं खरं असायला हरकत नाही. पुष्कळ फळझाडांच्या बियांतून काय निघेल याचा नेम नसतो, म्हणून तिथे कलम करावं लागतं. कागदी लिंबाचं तसं नाही. त्याच्या एकेका बीत एकाहून जास्त गर्भ असतात आणि त्यातले बहुतेक परागाशी काही संबंध न येता थेट आईच्याच पेशींतून तयार होतात. म्हणून एक बी पेरली की कधी दोन, कधी तीन कोंब शेजारी शेजारी वर येतात. त्यातली जोमदार रोपं हुबेहूब आईच्या वळणाची निघतात. सासूबाईंच्या सरबतातलं लिंबू आणि आज काकूंच्या दारातलं लिंबू यांची चव एकच असेल, तर ती काकूंच्या आठवणीची करामत मानायचं कारण नाही.

घराणंही थोर आहे. जनुकं तपासून अभ्यासकांनी लिंबूवर्गाची जी वंशावळ लावली, तिच्यात आपलं कागदी लिंबू अस्सल कुळातलं नाही, संकर ठरतं. आईकडून ते आग्नेय आशियातल्या पपेडा गटातल्या एका रानफळाचं आणि बापाकडून म्हाळुंगाचं. म्हाळुंग म्हणजे तेच जाड सालीचं, रस कमी आणि मान मोठा असलेलं फळ, जे कोल्हापूरच्या अंबाबाईच्या उजव्या हातात आहे. बाप देवीच्या हातात आणि लेक रसवंतीच्या गाड्यावर, उसाच्या कांड्यांमध्ये दुमडलेलं! लेकाला त्याचं काही वाटत असेल असं दिसत नाही.

लिंबाचं एक पान तोडून उजेडाकडे धरावं. सगळ्या पात्यात सुईने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या पिशव्या. पान चुरगळलं की जो वास येतो तो त्यांचा. पातं आणि देठ यांच्यामध्ये एक सांधा असतो आणि देठाच्या दोन्ही बाजूंना चिंचोळी झालर असते. एवढ्याशा पानावर इतकी कारागिरी करणारं झाड वाढीच्या बाबतीत मात्र अगदी सावकाश. बियांपासून आलेल्या झाडाला पहिलं फळ धरायला चार-पाच वर्षं सहज लागतात. तोवर ते फक्त काटे काढतं. आणि फळ दिल्यावरही त्याचा हात राखून असतो. उन्हाळ्यात बाहेर उभं राहून सरबतासाठी ढीगभर लिंबं पिळली आणि हात न धुता तसंच उन्हात वावरलं, तर कातडीवर तपकिरी डाग उठतात आणि ते आठवडे न् आठवडे जात नाहीत.

या झाडाखाली एका पावसाळ्यात वेडेलिया आली.

वेडेलिया तुम्ही पाहिली आहे, नाव माहीत नसलं तरी. रस्त्याच्या दुभाजकात, मॉलच्या पायऱ्यांच्या कडेला, रुग्णालयाच्या आवारात, हॉटेलच्या उतारावर जी तुकतुकीत हिरवी चादर आणि तिच्यावर पिवळी फुलं दिसतात, ती हीच. मूळची मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांची. आपल्या माक्याच्या नात्यातली. आपल्याकडे ओलसर जागी उगवणारा पिवळा माका तर तिची जवळची बहीण शोभावी असा आहे. पान समोरासमोर, कडेला दोन कान काढलेलं. फूल छोट्या सूर्यफुलासारखं, पाकळीच्या टोकाला कातरल्यासारखे दाते.

तिचा स्वभाव लिंबाच्या अगदी उलट. काटा नाही, हट्ट नाही, वेळापत्रक नाही. ऊन द्या, ती फुलेल. सावली द्या, फुलं कमी करेल पण पसरणं सोडणार नाही. मातीबद्दल तिने कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. रोपवाटिकेत तिची किंमत करायलाही लोक संकोचतात. शंभर कुंड्या घेतल्या तर एक पोतं वेडेलिया वर मिळते. वीतभर तुकडा मातीत खोचायचा, पाणी शिंपायचं, विसरून जायचं. तिचं खोड जमिनीवर आडवं धावतं आणि जिथे म्हणून पेर टेकतं तिथे मूळ धरतं. चादरीची कड उचलून बघितली तर प्रत्येक पेराखाली पांढऱ्या तंतूंचा एकेक झुपका मातीत घुसलेला दिसतो. म्हणजे जी आपल्याला एक वेल वाटते ती प्रत्यक्षात शेकडो स्वतंत्र रोपांची रांग असते. मधून कापली तरी दोन्ही बाजू आपापल्या संसाराला लागतात.

समितीला अशीच वनस्पती हवी होती. टाकीजवळची माती उघडी होती, पावसात चिखल व्हायचा, उन्हाळ्यात धूळ उडायची आणि मुलाबाळांच्या चपलांबरोबर तीच धूळ जिन्यात यायची. सेक्रेटरींनी दोन पोती वेडेलिया आणवली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत टाकीचा पाया, फुटके पेव्हर, जुन्या पाइपचे तुकडे आणि कुणाच्या तरी स्कूटरचा स्टेपनी टायर हे सगळं हिरव्याखाली गडप झालं. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडले, खाली अंगठ्यांची रांग लागली. त्या फोटोंत लिंबाचं झाडही आहे, मागे उभं, अर्धं फ्रेमच्या बाहेर.

लिंबू आणि वेडेलिया, दोघंही सदाहरित. बागेची पुस्तकं चाळणाऱ्याला हे दोघं एकाच रकान्यात सापडतील. पण सदाहरित असण्याचे प्रकार असतात. वेडेलियाचा हिरवेपणा बाराही महिने एकाच पट्टीतला. मे महिन्यातला फोटो आणि नोव्हेंबरमधला फोटो शेजारी ठेवला तर कुठला कधीचा ते ओळखता येणार नाही. लिंबाचं पान वर्षभर झाडावर असतं खरं, पण त्याची छटा सारखी बदलत असते. नवी पालवी आधी पोपटी, मग काळपट हिरवी. मध्येच एखादी फांदी पिवळी पडते. मध्येच पानांवर चांदीच्या शाईने गिरगटल्यासारख्या नागमोडी रेघा उमटतात, ती नागअळीची करणी. पावसाळ्यात फळांवर खैऱ्या रोगाचे खरबरीत खवले येतात. झाडाकडे पंधरा दिवस पाहिलं नाही तर पंधरा दिवसांचं काहीतरी राहून गेलेलं असतं. वेडेलियाकडे वर्षभर पाहिलं नाही तरी चालतं, आणि तसंच होतं. लावल्यानंतर तिच्याकडे कुणीच पाहत नाही.

कीटकांना हा फरक माणसांआधी कळलेला आहे. वेडेलियाच्या फुलांवर मधमाश्या येतात, फुलपाखरंही येतात, मध पितात आणि जातात. पोरं वाढवायची वेळ आली की लिंबावरचं काळं-पिवळं फुलपाखरू चादर ओलांडून थेट झाडावर जातं आणि कोवळ्या पानावर एकच मोत्यासारखं, फिकट पिवळं अंडं ठेवतं. त्यातून निघणारी अळी आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. काडीने डिवचली तर डोक्यामागून दोन शिंगं बाहेर काढते आणि लिंबाचाच पण आंबलेला, उग्र वास सोडते. 2015 साली ज्याला महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू म्हणून मान मिळाला त्या ब्ल्यू मॉर्मनच्या अळ्याही लिंबूवर्गीय झाडांवर वाढतात. काकू या अळ्या पाहिल्या की चपलेकडे वळतात. चार पानं गेल्याने एवढ्या मोठ्या झाडाचं काही बिघडत नाही, असं त्यांना सांगून पाहिलं. त्यांचं म्हणणं, अळ्या इतरांची पानं खात नाहीत म्हणून इतरांना बोलायला सोपं जातं.

वेडेलिया आल्यानंतर लिंबाचं काय झालं हे बरेच दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण झाड उलट छान दिसू लागलं होतं. पानं मोठी झाली, गर्द झाली. खोडातून सरळसोट वर जाणारे जाड, काटेरी फुटवे निघाले. पाहणारा म्हणे, काय टवटवीत आहे! फक्त फूल नव्हतं. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षीही नाही. याच सुमारास लिंबाने बाजारात डोळे पांढरे केले. 2022 च्या एप्रिलमध्ये एकेक लिंबू दहा-पंधरा रुपयांना गेलं ते अनेकांना आठवत असेल. आमच्याकडे हातगाडीवाला नेमका त्या झाडाच्या सावलीत गाडी लावायचा आणि सोसायटीतली माणसं आपल्याच झाडाखाली उभी राहून लिंबं विकत घ्यायची.

मग उपाय सुरू झाले. कुणी बुंध्यात ताक ओतलं. कुणी खोडात खिळा ठोकावा म्हणून सुचवलं. एकाने खताच्या दुकानातून फुलं येण्याची बाटली आणून फवारली. कुणाच्या तरी मते झाडाला दृष्ट लागली होती. ती काढायला लिंबू लागतं, ते गाडीवरून आणावं लागलं.

शेवटी शेजारच्या बंगल्यात काम करणाऱ्या माळीबुवांना बोलावलं. ते श्रीगोंद्याकडचे, म्हणजे लिंबाच्याच मुलखातले. त्यांनी झाडाकडे वर पाहिलंच नाही. खाली बसले, दोन्ही हातांनी वेडेलिया बाजूला सारली आणि बुंध्याची साल उघडी केली. जमिनीलगत साल काळपट, ओली, मऊ झालेली होती आणि एका चिरेतून तपकिरी डिंकाचा थेंब लोंबत होता.

“साहेब, पाणी कोण घालतं हितं?”

“वॉचमन. रोज संध्याकाळी पाइप लावतो. ही वेल सुकायला नको ना.”

“वेल नाय सुकत. झाड सडतंय.” त्यांनी नखाने डिंक खरवडून दाखवला. “आन् रोज पाणी मिळाल्यावर ते फुलंल कशाला? लिंबाला उपाशी ठेवल्याबिगर फूल येत नाय.”

सेक्रेटरी म्हणाले, “पण झाड तर एवढं हिरवंगार आहे.”

“त्येच तर. पोट भरलंय त्याचं.”

माळीबुवांनी दोन वाक्यांत सांगितलं ते संत्र्या-मोसंबी-लिंबाच्या बागाईतदारांचं रोजचं शास्त्र आहे. लिंबाला बहार आपोआप येतो तसा आणावाही लागतो, आणि तो आणायचा मार्ग म्हणजे ताण. पाणी तोडायचं. जमीन हलकी असेल तर थोडे दिवस, भारी काळी असेल तर जास्त. झाड आधी मलूल होतं, पानांच्या कडा आत वळतात, तकाकी जाते, मग पिवळी पानं गळू लागतात. सुमारे पाव हिस्सा पानं गळली की ताण पुरेसा झाला असं मानतात. या सगळ्या काळात वाढ थांबते आणि जी शक्ती नव्या फांद्यांत जायची ती साठून राहते. मग आळं भरून एकदम पाणी न देता आधी हलकं पाणी, मग पुढचं, असं करत ताण तोडायचा. दोन-तीन आठवड्यांत डोळे फुटतात आणि पालवीबरोबर कळ्या येतात. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबे बहार, पावसाच्या सुरुवातीला मृग बहार आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त बहार. फुलापासून फळ तयार व्हायला पाच-सहा महिने. म्हणजे एप्रिल-मे महिन्यात, जेव्हा लिंबाला सोन्याचा भाव असतो, तेव्हा फळ हवं तर हस्त बहार धरावा लागतो. आणि त्यासाठी ऐन पावसाच्या दिवसांत झाडाला तहानलेलं ठेवावं लागतं. ते भल्याभल्या शेतकऱ्यांना साधत नाही. उन्हाळ्यात लिंबू महागतं त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

वेडेलियाचं गणित सरळ आहे. पाणी मिळालं की पान, पान आलं की फूल. रुसायचं कशावरून हे तिला ठाऊकच नाही. आणि गंमत अशी, की वर्षभर इतकी फुलं मिरवून तिच्यात उगवणारं बी क्वचितच धरतं. फुलं नुसती शोभेची. संसार सगळा पेरांवर. लिंबू पाण्यावाचून कासावीस झाल्याखेरीज फुलत नाही, पण फुललं की फळ आणि फळात बिया, बीत दोन-दोन, तीन-तीन गर्भ. दोघांना एका वाफ्यात लावायचं म्हणजे एकाला रोज जेवण आणि दुसऱ्याला उपास एकाच ताटातून वाढायचा. त्यात लिंबाची अन्न घेणारी बारीक मुळं मातीच्या वरच्या थरातच असतात, नेमकी जिथे वेडेलियाची दाटी असते. आणि बुंध्यापर्यंत पसरलेली चादर साल कायम ओली ठेवते. डिंक्या रोगाच्या बुरशीला आणखी काय हवं?

माळीबुवांनी झाडाच्या घेराएवढी वेडेलिया उपटायला लावली. खोडाजवळ मातीचा उंचवटा केला आणि त्याभोवती, थोडं अंतर सोडून, पाण्यासाठी गोल आळं काढलं, म्हणजे पाणी मुळांना मिळेल पण खोडाला शिवणार नाही. याला दुहेरी आळं म्हणतात. सडलेली साल तासून तिथे बोर्डो मलम लावलं. ते उंच काटेरी फुटवे म्हणजे पानसोट, तेही छाटले. झाड एकदम रोडावल्यासारखं दिसू लागलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर कुजबुज झाली, की चांगल्या झाडाची वाट लावली.

उपटलेल्या वेडेलियाचा ढीग वॉचमनने भिंतीपलीकडे, नाल्याच्या काठावर नेऊन टाकला. सोपं वाटलं त्याला, आणि इतर कुठल्याही पाल्यापाचोळ्याच्या बाबतीत ते खपून गेलं असतं. इथे प्रत्येक पेर जिवंत होतं. पावसाळा संपेपर्यंत नाल्याचा तो काठ वेडेलियाने व्यापला, आणि तिथे आधी उगवणारं तण, गवत, रानमाका यातलं काही दिसेना. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेशी संलग्न तज्ज्ञांनी जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींची जी यादी केली आहे, तिच्यात ही वेडेलिया आहे. प्रशांत महासागरातल्या बेटांवर, फ्लोरिडात ती शोभेची म्हणून गेली आणि कुंपणाबाहेर पडली. केरळातही ओढ्यांच्या काठाने पसरली. छाटणी केलेली वेडेलिया उन्हात पूर्ण वाळवून मगच खतात घालावी. ओली असताना कुठेही टाकू नये.

तिच्यावर मात्र सगळा राग काढणं बरोबर नाही. सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर, दोन सिमेंटच्या कठड्यांमध्ये जी पट्टी आहे, तिथली माती दर पावसात वाहून खाली यायची. तिथे आता वेडेलिया आहे. वर्षातून दोनदा कडेने कात्री फिरवली की ती आपली हद्द सांभाळते आणि माती जागेवर राहते. जिथे फक्त झाकायचं आहे, चारही बाजूंनी भिंत आहे आणि नाला लांब आहे, तिथे तिच्याइतकं स्वस्त आणि बिनतक्रार काम दुसरं कुणी करणार नाही. ज्याच्याकडून वर्षातून एकदा काही मिळवायचं आहे त्याच्या पायाशी तिला बसवू नये, एवढंच.

पुढच्या हिवाळ्यात डिसेंबरमध्ये झाडाचं पाणी तोडलं. काकूंना ते बघवेना. त्या रोज दुपारी खिडकीतून पाहायच्या आणि पानं गळताना कुणीतरी दोषी आहे अशा नजरेने सगळ्यांकडे बघायच्या. एक-दोनदा त्यांनी भांडी विसळलेलं पाणी हळूच ओतल्याचा संशय आहे, पुरावा नाही. जानेवारीत ताण तोडला. फेब्रुवारीत झाडावर पांढऱ्या कळ्या आल्या, त्यांच्या पाकळ्यांना बाहेरून जांभळट झाक. जिन्यात वास येऊ लागला. आणि फळं पिवळी झाली ती भर पावसाळ्यात, लिंबू जेव्हा बाजारात दहाला चार मिळत होतं. आंबे बहाराचा हा हिशेब आधीच ठरलेला होता, पण त्यावरून सेक्रेटरींना बरीच बोलणी ऐकून घ्यावी लागली. लोणच्याच्या बरण्या मात्र सोसायटीतल्या घराघरात भरल्या, आणि काकूंनी सालींनी देवघरातली तांब्याची भांडी घासून काढली.

आता नव्या समितीपुढे एक नवा प्रश्न आहे. झाडाखालचं ते मोकळं आळं वाईट दिसतं, तिथे काही ‘लॉन टाइप’ लावता येईल का, असं पत्र एका सभासदाने दिलंय. माळीबुवांना विचारलं तर ते म्हणाले, वाळका पाला टाका, खोडापासून हातभर लांब, आणि त्यावर काय लावू नका. बैठकीत हा ठराव मांडला जाईल, त्यावर चर्चा होईल, आणि मोकळी माती म्हणजे रिकामी जागा नव्हे, तिच्याखाली एकाचं स्वयंपाकघर आहे, हे पुन्हा एकदा समजावून सांगावं लागेल. जागा एकच असेल आणि निवड करायची असेल, तर मी लिंबाच्या बाजूने हात वर करणार आहे. ते टोचतं, रुसतं, भाव पडल्यावर फळ देतं. पण त्याला काय झालंय ते तरी कळतं.